आठवा डेरा

वाई, १२ जुलै १९४६

प्रिय कृष्णात,

सलाम आणि रामराम दोन्ही घे, म्हणजे वेगळं लिहायला नको. फौजेतून सुटून मिरज स्टेशनात आपण वेगळे झालो त्याला सहा महिने झाले. तेवढ्यात तुझं एक कार्ड आलं आणि त्यातही निम्मी जागा तुझ्या नव्या म्हशीने अडवली होती.

मला नोकरी लागली आहे. हसू नकोस, माशांची नोकरी आहे. बंगालात आपण लॉऱ्या हाकत होतो तेव्हा स्टेशनांवर काही लोक मातीच्या मडक्यात हात घालून बसलेले असायचे, आठवतं? तू मला विचारलं होतंस, हे पाणी का मळतायत. ते पाणी मळत नव्हते. मडक्यात जिऱ्याएवढी माशांची पिल्लं होती आणि पाणी हलतं ठेवलं नाही तर ती गुदमरतात. मी तेव्हा एका म्हाताऱ्याजवळ बसून हे सगळं विचारून घेतलं होतं. परवा मासळी खात्याच्या साहेबांनी विचारलं, "हे काम कुणी पाहिलंय का?" तर उभ्या चाळीस माणसांत मी एकटा निघालो.

इथे वाईच्या खालच्या अंगाला कृष्णेकाठी सहा लहान तळी खणली आहेत. कलकत्त्याहून रेल्वेने कटला आणि रोहूची पिल्लं येतात, ती आम्ही तळ्यांत वाढवतो. बोटाएवढी झाली की त्यांना बोटुकली म्हणायचं आणि मोठ्या तलावांत सोडायचं. आपल्या नद्यांतले मासे तलावात धड वाढत नाहीत, हे वाढतात. लढाईपासून धान्याची ओढ आहे म्हणून सरकारला ही बुद्धी सुचली.

आता कामाचं. ही तळी एका वर्षाच्या बोलीवर आहेत आणि मीही. साहेबांनी स्पष्ट सांगितलं आहे की माघात ते एका तलावात जाळं टाकून बघतील. मासे वाढलेले दिसले तर तळी चालू, नाहीतर बुजवायची. कुठला तलाव, ते त्यांनी माझ्यावर सोडलं आहे. मी तुमच्या कल्लेवाडीचं नाव दिलं. तुमच्या जत संस्थानाची परवानगी साहेब आणतील. पण गावाने वर्षभर तलावात जाळं घालायचं नाही, हे तू बघायचंस.

मेहरुन म्हणते, भावजींना विचार म्हशीचं नाव काय ठेवलं. हरणामावशींना माझा सलाम सांग.

तुझा
वजीर

—

कल्लेवाडी, २८ जुलै १९४६

वजीर,

म्हशीचं नाव राणी. वहिनींना सांग, तिकडे आलं की खरवस ठेवला आहे म्हणावं.

तुझं पत्र मी चावडीत मोठ्याने वाचून दाखवलं. सगळ्यांना एवढंच कळलं की कलकत्त्याहून मासे रेल्वेत बसून येणार आहेत. आप्पासो पाटलाने विचारलं, तिकीट कुणी काढायचं? मग मी सांगितलं की माझा दोस्त तिथला मोठा अंमलदार आहे. तू अंमलदार नाहीस हे मला माहीत आहे, पण गावाला माणसाचा हुद्दा कळला की काम सोपं होतं. दोन तास वाद झाला आणि शेवटी ठरलं: एक वर्ष कुणी जाळं घालायचं नाही, गळसुद्धा टाकायचा नाही. पुढच्या वर्षी निघेल त्याचा वाटा घरटी. हे सगळं माझ्या शब्दावर झालं आहे, हे ध्यानात ठेव. आमच्याकडे ज्वारी पावसाच्या मर्जीवर. तलाव तेवढा एक खात्रीचा, तो जुन्या दुष्काळात लोकांनी खडी फोडून बांधला. माघात पाणी निम्म्यावर येतं पण आटत नाही.

आईला सांगितलं तर ती म्हणाली, "लांबनं लेकरं येत्यात म्हन की. मग त्येंचं नीट करायला पायजे." तेव्हापासून ती त्यांना लेकरंच म्हणते.

तू ये, मी हलगी ठरवून ठेवतो. कल्लेवाडीत कलकत्त्याचे पाहुणे येणार आणि ते गुपचूप पाण्यात सोडायचे, हे मला पटत नाही.

कृष्णात

—

वाई, ९ सप्टेंबर १९४६

प्रिय कृष्णात,

गुरुवारी पहाटे लॉरी निघते. आठ डेरे आहेत, प्रत्येकात शंभराच्या आसपास बोटुकली. मी स्वतः भरले, तोंडाला ओलं फडकं स्वतः बांधलं. येणार होतो, पण चार दिवस थंडीतापाने अंथरुणात आहे. हे पत्रही मेहरुनने दोन उशा पाठीला लावून दिल्या म्हणून लिहितो आहे. डेऱ्यांबरोबर धुळा येईल. मेंढरं सांभाळून आलेला माणूस आहे, जिवाची किंमत कळते. वाटभर तो पाणी हलवेल, कराड आणि तासगावला निम्मं पाणी बदलेल.

संध्याकाळपर्यंत लॉरी पोचेल. पुढचं तुझ्याकडे, आणि ते नीट वाच. डेरे उतरले की लगेच तलावावर न्यायचे. आधी गळ्यापर्यंत तलावाच्या पाण्यात अर्धा तास ठेवायचे, म्हणजे आतलं आणि बाहेरचं पाणी सारखं गार होतं. मग डेरा हळूच कलता करायचा. ओतायचं नाही, त्यांनी आपण होऊन जायचं. आत काहीही घालायचं नाही, पीठ नाही, भाकरी नाही. आणि त्यांना रात्रभर डेऱ्यात ठेवायचं नाही.

हलगी वाजवायची तर सोडून झाल्यावर वाजव.

वजीर

—

कल्लेवाडी, १६ सप्टेंबर १९४६

वजीर,

ताप उतरला असेल. लॉरी गुरुवारी दिवे लागायच्या आधी पोचली. शुक्रवारी हलगी लावून, गुलाल टाकून सगळं गाव तलावावर गेलं. बायांनी डेऱ्यांना ओवाळलं. डेरे पाण्यात कलते केले तेव्हा शाळेच्या मास्तरांनी भाषण केलं. पाणी गढूळ होतं म्हणून कुणाला फारसं दिसलं नाही, पण गाव खूश आहे.

एक सांगायचं राहिलं. आठवा डेरा नुसत्या पाण्याचा निघाला. त्यात एक पिल्लू नव्हतं. धुळाला विचारलं तर तो शपथा घ्यायला लागला. वाटेत काही झालं असेल. तू मनावर घेऊ नकोस.

बाकी ठीक.

कृष्णात

—

वाई, २ ऑक्टोबर १९४६

प्रिय कृष्णात,

तुझं पत्र मी साहेबांना वाचून दाखवलं, मास्तरांच्या भाषणासकट. साहेब हसले आणि म्हणाले, आता माघात भेटू.

ओवाळणं, गुलाल हे तू करणार हे मला ठाऊक होतं. शुक्रवारी केलंस हे मात्र खटकलं. मी रात्र काढू नको म्हणून लिहिलं होतं. पण आदल्या संध्याकाळी सोडून दुसऱ्या दिवशी नुसती मिरवणूक काढली असशील, असं मी धरून चाललो आहे. तू फौजेतही हुकूम पाळायचास आणि वर आपलं काहीतरी घालायचास.

आठव्या डेऱ्यावरून मी धुळाला फार बोललो. तो ऐकून घेतो आणि एवढंच म्हणतो, "आठीच्या आठी जिती दिली, वजीरभाई. मेंढराची आन." मी स्वतः भरलेला डेरा रिकामा कसा निघेल? वाटेत त्याने सांडला आणि लपवायला पाणी भरलं, दुसरं काय. परवापासून आम्ही बोलत नाही. तळ्यावर दोनच माणसं आणि दोन्ही गप्प, म्हणजे माशांनाही करमत नसेल.

आता मला दर महिन्याला कळव: पाणी किती, मासे वर येतात का, दिसायला कसे आहेत. साहेबांच्या वहीत ते उतरवायचं आहे.

वजीर

—

वाई, ८ नोव्हेंबर १९४६

कृष्णात,

महिना उलटला. राणी व्याली का मासे व्याले, काहीतरी कळव.

व.

—

कल्लेवाडी, २० नोव्हेंबर १९४६

वजीर,

सुगीच्या गडबडीत लिहायचं राहिलं. पाणी बांधाच्या तिसऱ्या पायरीला आहे.

आई रोज सकाळी तलावावर जाते. काठाला साती आसरांचे, म्हणजे पाण्यातल्या देवींचे, दगड आहेत, त्यांना पाणी घालते आणि येताना मूठभर कण्या पाण्यात टाकते. तिचं सांगणं असं की मासे वीतभर झाले. त्यांत थोरल्या डोक्याचे काही आहेत, ते वरच्यावर येऊन खातात. त्यांचं तोंड वरच्या बाजूला आहे, आभाळाकडे बघून जेवल्यासारखं. दुसरे लालसर झाकेचे, ते खालीच फिरतात आणि लाजतात. थोरल्या डोक्याचा एक तर पहिल्या पंक्तीला बसलेल्या जावयासारखा आहे, पुढ्यात पडल्याशिवाय हलत नाही. हे आईचे शब्द.

साहेबांच्या वहीत काय घालायचं ते घाल. धुळाला मात्र काही बोलू नकोस. माणूस चांगला वाटला मला.

कृष्णात

—

वाई, १५ डिसेंबर १९४६

प्रिय कृष्णात,

तुझं पत्र तीनदा वाचलं. मावशी बघतात तशी नजर आमच्या खात्यात कुणाला नाही. थोरल्या डोक्याचा तो कटला. त्याचा खालचा जबडा पुढे असतो आणि तोंड वरच उघडतं, म्हणून तो पाण्याच्या वर वर खातो. लालसर तो रोहू. साहेबांनी हे वहीत जसंच्या तसं उतरवून घेतलं, जावईसुद्धा. मेहरुनने त्या दिवशी शिरकुर्मा केला, सण नसताना.

साहेबांचा मुक्काम ठरला: आठ फेब्रुवारी, शनिवार. मी त्यांच्याबरोबर जाळं घेऊन येतो. इतर दोन तलावांत बोटुकली सोडली होती, तिथे लोकांनी दिवाळीआधीच मासे मारून खाल्ले. आता आमची सगळी भिस्त कल्लेवाडीवर आहे. तिथे जाळं भरलं तर ही तळी राहतील आणि मीही राहीन. नाहीतर मार्चअखेर आम्ही मोकळे. मला काळजी नाही, कारण तलाव तुझ्या हातात आहे.

जाळं ओढायला आठ माणसं ठरव.

वजीर

—

कल्लेवाडी, २८ जानेवारी १९४७

वजीर,

हे पत्र दीड महिना लिहितो आहे आणि फाडतो आहे. आज लिहून टाकतो.

तलावात तुझा एकही मासा नाही.

त्या गुरुवारी लॉरी वेळेवर आली. तू लिहिलं होतंस लगेच सोड म्हणून. पण हलगीवाला सकाळी येणार होता आणि सगळ्या गावासमोर आपल्या हाताने डेरे सोडायचे, ही माझी हौस होती. मी डेरे आमच्या सोप्यात उतरवून ठेवले. एका रात्रीने काय होतं, असं वाटलं. ड्रायव्हर आणि धुळाला आप्पासोंकडे जेवायला घेऊन गेलो, धुळाला म्हटलं, आता झोप, आमी बघतो. आणि कुणी बघितलं नाही.

मी नसताना आईने आपल्या परीने लेकरांचं नीट केलं. लांबून आलेल्या लेकरांना दृष्ट लागू नये म्हणून तिने डेऱ्यांत मूठ-मूठ कडुनिंबाचा पाला घातला. बाळंतिणीच्या पाण्यात टाकतात ना, तसा. पहाटे फडकं सोडलं तर सगळी पांढरी पोटं वर. सातही डेऱ्यांत तेच. आठव्यात पाला नव्हता आणि काहीच नव्हतं. मी पाला काढून टाकला, वर चिखलपाणी घातलं, फडकी परत बांधली. मग हलगी आली. वजीर, मी मेलेले मासे वाजत-गाजत तलावात सोडले, आणि मास्तर भाषण करत होते तेव्हा मी टाळ्या वाजवल्या.

पाला आईचा, पण रात्र माझी. तिला मी काही कळू दिलेलं नाही. सत्तरीची बाई, तिच्या हातून सातशे जीव गेले हे तिला सांगून काय मिळवायचं?

तेव्हापासून मी तलावावर पाऊल टाकलेलं नाही. मी जे लिहून पाठवलं ते आईचं बोलणं. तिची नजर अधू आहे, ओढ्याची चिंगळं बघून तिला आपली लेकरं दिसत असतील. मी ते तुला लिहिलं आणि तू ते साहेबांच्या वहीत घातलंस. हेच मला सर्वांत जास्त लागलं. वहिनींनी शिरकुर्मा केल्याचं वाचलं त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

माझ्यामुळे तुझी भाकरी जाते आहे. धुळावर विनाकारण बोल आला. तू साहेबांना सांग आणि येऊ नकोस. मी शिरवळला थोरल्या बहिणीकडे, राहीआक्काकडे जातो आहे. गावासमोर आणि तुझ्यासमोर रिकामं जाळं बघायची माझ्यात ताकद नाही. बंगालात बॉम्ब पडताना मी लॉरीखालून बाहेर आलो होतो, पण हे जमत नाही.

कृष्णात

—

कल्लेवाडी, ९ फेब्रुवारी १९४७
(पत्ता: राहीबाईंकडे, शिरवळ)

कृष्णात,

हे पत्र मी तुझ्या घरातून लिहितो आहे. सोप्यात, तुझ्याच घोंगड्यावर बसलो आहे आणि समोर राणी रवंथ करत माझ्याकडे बघते आहे. आता सगळं सांगतो, मधेच उठू नकोस.

तुझं पत्र मिळालं तेव्हा मी फार चिडलो. मेहरुनशी दोन दिवस धड बोललो नाही आणि तिचा काही संबंध नव्हता. मग तिनेच विचारलं, "हरणामावशीनं आधी कवा कटला बघितला हुता का?" मी म्हटलं, कुठून बघणार? इकडे कुणीच बघितलेला नाही. "मग त्याचं तोंड वर असतंय हे तिला कुणी सांगितलं?"

मी उठून तुझी सगळी पत्रं काढली. ओढ्याच्या चिंगळांचं डोकं थोरलं नसतं आणि तोंड वर नसतं. तूही कटला बघितला नव्हतास, म्हणून तुला हे कळलं नाही. धुळाला जाऊन तुझं पत्र वाचून दाखवलं आणि त्याची माफी मागितली. तो म्हणाला, "आठीच्या आठी जिती दिली हुती," आणि तंबाखू मळायला लागला.

साहेबांपासून लपवायचं नाही हे मी ठरवलं होतं. धुळालाही बरोबर घेतलं. तासगावला चहाला थांबलो तिथे साहेबांना सगळं सांगितलं. ते लाल झाले. म्हणाले, गाडी वळवा. मी म्हटलं, साहेब, जाळं आणलंच आहे, एकदा टाकू द्या, रिकामं आलं तर मी इथूनच घरी जातो. त्यांनी चहा संपवला आणि मग गाडीत चढले.

गाव काठावर जमलं होतं. तू नाहीस म्हणून आप्पासोंनी विचारलं, मी म्हटलं शिरवळला काम निघालं. पहिल्या ओढीत शेवाळ आणि एक फुटकी घागर आली. दुसऱ्या ओढीत काही नाही. साहेबांनी घड्याळ बघितलं. तेवढ्यात मावशी आल्या, पदरात कण्या घेऊन, आणि मला म्हणाल्या, "तिकडं का वडतोयस रं बाबा? लेकरं हिकडं आसरांपाशी असत्यात."

कृष्णात, आम्ही जाळं आसरांच्या अंगाला लावलं. ओढताना धुळाचा चेहरा मी बघत होतो, त्यालाच आधी हाताला कळलं. अकरा मासे आले. सात कटले, चार रोहू. कटले पाऊण हाताचे, एकजण तर जाळ्यातून उडी मारून परत गेला, तो जावई असणार. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. साहेबांनी मासे मोजले, मापले आणि पाण्यात परत सोडायला लावले.

मग मी मावशींना विचारलं, लॉरी आली त्या दिवशी तुम्ही काय काय केलंत? त्यांनी सांगितलं ते त्यांच्याच शब्दांत लिहितो.

"तुमी सगळी जेवाय गेलासा. नवं काई घरात आलं की पयला वाटा आसरांचा, मग आपला. म्हनून एक डेरा मी आन् शेजारच्या धोंडुबाईनं दोघींनी धरून तळ्यावं न्हेला. पान्यात गळ्याबरूबर ठिवला. मग साती दगडं धुतली, हळद-कुकू लावलं, निवद दावला. तवर डेरा पान्यातच हुता. मग त्यो हळूच कलता केला. आसरांचा वाटा वतायचा नसतोय, त्येनी आपनहून घ्यायचा असतोय. लेकरं आपनहून गेली. मोकळं भांडं घरी आनू नये म्हनून पानी भरून परत ठिवला. आन् मग घरात ऱ्हायल्याल्या लेकरास्नी दिष्ट नको म्हनून पाला घाटला."

मी विचारलं, कुणाला सांगितलं का नाहीत? "आसरांचं दिल्यालं बोलत न्हाईत, बाबा. आज तू इचारलंस, आन् लेकरं जाळ्यात बी आली, म्हनून सांगिटलं."

मी माझ्या पत्रात जे जे लिहिलं होतं ते सगळं त्यांनी केलं. लगेच नेलं, अर्धा तास पाण्यात ठेवलं, हळूच कलतं केलं. माझं पत्र तू वाचलंस आणि पाळलं त्यांनी, न वाचता. आठवा डेरा रिकामा नव्हता. तेवढा एकच भरलेला होता.

साहेबांनी वहीत लिहिलं: आठांतला एक डेरा जगला, वाढ उत्तम, तलाव योग्य, वाईची तळी चालू ठेवावीत. मला म्हणाले, पुढच्या वर्षी प्रत्येक गावाला सूचना छापून पाठवू. मी म्हटलं, त्या मावशींना विचारून छापा.

पाल्याने काय झालं ते मी मावशींना सांगितलेलं नाही आणि सांगणार नाही. एवढंच म्हटलं की आसरा राखणीला असताना पाल्याची गरज नाही. त्यांना ते पटलं. गावाला तू सांगायचं का नाही ते तू ठरव. मला विचारशील तर सांग. ते हसतील आणि मास्तरांचं भाषण वर्षभर पुरवून पुरवून चघळतील, त्यापलीकडे काही होणार नाही.

तुझ्यावरचा राग गेला आहे. थोडा राहिला असेल तर तो समोर आल्यावर जाईल. मावशी दोनदा विचारून गेल्या, "त्येचं शिरवळात काय काम निघालं एवढं?" मला खोटं फार वेळ जमत नाही. मी बुधवारपर्यंत इथेच आहे. ये.

वजीर

—

शिरवळ, १२ फेब्रुवारी १९४७

वजीर,

पत्र आज मिळालं. आक्काने मला वाचताना बघितलं आणि घाबरून विचारलं, कोण गेलं? मी म्हटलं, कुणी गेलं नाही, आहेत.

उद्याच्या गाडीने निघतो. मी पोचेपर्यंत तू वाईला गेला असशील, म्हणून हे तुझ्या पत्त्यावर टाकतो. गावाला चावडीत सगळं सांगणार आहे, पाला सोडून. रात्र माझी होती, तेवढं पुरेसं आहे. मग तलावावर जाऊन आईबरोबर कण्या टाकीन. पाच महिने ती मला रोज बोलवायची, मी काही ना काही निमित्त काढायचो.

धुळाला माझा रामराम सांग आणि पावसाळ्यात डेऱ्यांबरोबर त्यालाच पाठव. पण एक कर. यंदा डेरे माझ्या नावाने पाठवू नकोस. आईच्या नावाने पाठव.

कृष्णात